रग्बी लीगचा पंच व्हायचंय? आधी दहा मीटर मागे जायला शिका

गोव्यात ज्याच्या हातात शिट्टी दिसते तो फुटबॉलमधून आलेला असतो, नाहीतर कबड्डीतून. मी दोन्हीकडून आलो आणि दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या. त्यामुळे काही पोरांनी मिरामारच्या वाळूत टाचेने रेषा ओढून रग्बी लीग खेळायला घेतलं आणि ‘सर, तुम्हीच पंच व्हा’ म्हणाली, तेव्हा मला वाटलं नियमांचं पुस्तक वाचलं की झालं. ते वाचलंही. पण पहिल्या पाच मिनिटांतच तिघे एकावर पडले, चेंडू कोणाच्या तरी पोटाखाली गेला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय द्यायचं ते पुस्तकात होतं. मी मात्र अशा जागी उभा होतो की मला नुसत्या पाठी दिसत होत्या.

म्हणून नवख्यांना मी नियमांच्या आधी उभं राहायची जागा शिकवतो. या खेळाच्या कायद्यात ‘पंचाच्या मते’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. चेंडू टचमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर, गेला की नाही ते टच जज, म्हणजे रेषेवरचा झेंडेवाला सहायक, सांगतो. बाकी मैदानावर काय घडलं याचा निवाडा करणारा एकटा पंच. ते ‘मत’ कुठून येतं? तुम्ही कुठे उभे होता आणि कशाच्या आधी काय पाहिलंत, तिथून. आमच्या भागात मला या खेळातला जाणकार म्हणतात. वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढंच ते. पण लंगडी गाय कुठे कुठे ठेचकाळली, ते पुढे सांगतो.

कोणती रग्बी, ते आधी

२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात अनेकांनी पहिल्यांदा रग्बी पाहिली. ती सेव्हन्स, म्हणजे रग्बी युनियनचं सात जणांचं धाकटं रूप. लीग ही चुलत बहीण. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि रग्बी युनियनपासून वेगळे झाले. भांडण मजुरीचं होतं. गिरण्यांत आणि खाणींत राबणारे खेळाडू शनिवारी सामना खेळले की दिवसाचा पगार बुडायचा. तो क्लबने भरून द्यावा, असं या मंडळींचं म्हणणं होतं. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे पैसे देऊन बघायला येणाऱ्या लोकांसाठी खेळ मोकळा करायचा म्हणून १९०६ मध्ये खेळाडू पंधराचे तेरा केले आणि ‘प्ले-द-बॉल’ आणला. पंचाच्या दृष्टीने खरा फरक इथे आहे. युनियनचा पंच जमिनीवरच्या चेंडूसाठीची झोंबाझोंबी चालू देतो आणि तिच्यावर नजर ठेवतो. लीगचा पंच ती संपवतो. ‘धरला’ म्हणायचं, धरलेल्याला उठू द्यायचं, त्याने चेंडू पायाने मागे सरकवायचा, की खेळ पुढे; हाच प्ले-द-बॉल. एका सामन्यात हे शेकडो वेळा होतं. यात तुमचा हात बसला की निम्मं काम झालं.

आकडे एकदा पाठ करून टाका. मैदान गोल लाइनपासून गोल लाइनपर्यंत १०० मीटर, रुंदी ६८. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग. ट्रायचे (गोल लाइनपलीकडे चेंडू टेकवण्याचे) ४ गुण, कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून मारायची लाथ) आणि पेनल्टी गोलचे २, ड्रॉप गोलचा (चालू खेळात टप्पा पाडून खांबांमधून मारलेल्या लाथेचा) १. हल्ला करणाऱ्यांना सहा टॅकल, म्हणजे त्यांचा चेंडूवाला सहा वेळा धरला जाईपर्यंत चेंडू त्यांचा. सहाव्याला चेंडू समोरच्यांचा. ही मर्यादा १९६६ पर्यंत नव्हतीच. तेव्हा ती चारची आली, १९७२ पासून सहाची झाली. कबड्डीवाल्यांनो, पाचव्या टॅकलनंतर काय होतं ते तुम्हाला न सांगता कळेल: ती ‘डू ऑर डाय’ चढाई. तिथे बहुतेक संघ लाथ मारून चेंडू लांब घालवतात.

सामन्याआधी

हे पटकन आटोपा. नखं, बुटांचे स्टड, अंगठ्या, गळ्यातली साखळी. आपल्याकडे दंडातला ताईत आणि मनगटातला काळा दोरा हा वादाचा विषय होतो. मी वर पट्टी गुंडाळायला सांगतो आणि पुढे जातो. दोन्ही कॅप्टनना बोलवा, माझ्याशी फक्त तुम्ही दोघं बोलायचं, असं सांगा. मग दोन टच जजना बाजूला घ्या. रेषेखेरीज आणखी काय बघायचं ते त्यांना नेमून द्या, कारण तुमच्या पाठीमागची मारामारी तुम्हाला दिसणार नाही आणि त्यांना दिसेल. त्यांनी कळवलेल्या धसमुसळेपणावरून तुम्ही आधी दिलेला निर्णय फिरवू शकता. एरवी तोंडातून निघालेला निर्णय फिरत नाही.

पहिलं काम: ‘धरला’ म्हणणं

टॅकल कधी पूर्ण झाला? पुस्तकात चार गोष्टी आहेत. चेंडूवाल्याला पकडलंय आणि चेंडू किंवा चेंडू धरलेला हात जमिनीला लागला. तो उभाच आहे, पण पकडीत त्याला पुढे सरकता येत नाही आणि चेंडूही देता येत नाही. पकडीत असताना आपण हार मानली, आता सोडा, प्ले-द-बॉल करू द्या, हे त्याने उघड दाखवलं. किंवा तो जमिनीवर पडलेला आहे आणि समोरच्याने नुसता हात ठेवला.

पहिली आणि चौथी सोपी. घोळ दुसरीत होतो. उभा खेळाडू तिघांच्या मिठीत आहे, पाय अजून चालतायत, एक हात मोकळा आहे. लवकर ‘हेल्ड’ (इंग्रजीत ‘धरला’) म्हटलंत तर त्याचा पास मारला जातो. उशीर केलात तर तिघं मिळून त्याला वीस पावलं मागे रेटतात, नाहीतर उचलून आपटतात. माझा ठोकताळा असा: त्याचे पाय थांबले किंवा मागे पडू लागले की म्हणायचं. आणि कोणाची मांडी कमरेच्या वर उचलली जातेय असं दिसलं, तर बाकी सगळं विसरून लगेच ओरडायचं.

ओरडायचं काय? मी पहिले काही दिवस ‘हेल्ड’ म्हणत होतो. पोरं ऐकत, पण थांबत नसत. एकदा चुकून तोंडातून कोकणीतलं ‘जालें!’ (झालं!) गेलं आणि सगळी जागच्या जागी सुटली. आता मी तेच म्हणतो. बाहेरचा संघ आला की ‘हेल्ड’. शब्द कोणताही चालेल, पण दर वेळी तोच आणि त्याच पट्टीत.

दुसरं काम: मागे पळणं

‘जालें’ म्हटल्यावर नवखा पंच तिथेच उभा राहतो, कारण भानगड तिथे दिसतेय. तिथे उभं राहू नका. बचाव करणाऱ्या संघाला प्ले-द-बॉलपासून दहा मीटर मागे जावं लागतं; पुढे राहू शकतात ते फक्त दोन मार्कर, म्हणजे चेंडूवाल्यासमोर एकामागे एक उभे राहणारे दोघे. आणि मैदानावर दहा मीटरची खूण म्हणजे तुम्ही स्वतः. तुम्ही सातवर थांबलात तर बचावाची रांग सातवर थांबते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

मी जो क्रम लावलाय तो सांगतो. शब्द द्या. धरणाऱ्यांवर एक नजर टाका, सुटायला सांगा, दुसऱ्या वेळी त्याचं नाव किंवा नंबर घेऊन सांगा. मग वळून नव्हे, तोंड खेळाकडेच ठेवून मागे पळा, थोडे तिरके, म्हणजे खेळाडूंच्या फटीतून चेंडू दिसत राहतो. दहावर पोचताना हात आडवा करून रांग दाखवा. आता पुन्हा चेंडूकडे: पहिला मार्कर चेंडूवाल्याच्या समोर आहे का, दुसरा पहिल्याच्या सरळ मागे आहे का? चेंडू जमिनीला टेकवून पायाने मागे सरकवला का? हल्ला करणारेही, तो खेळाडू आणि त्याच्या मागचा डमी हाफ (सरकवलेला चेंडू उचलणारा) सोडून, पाच मीटर मागे आहेत का? आणि चेंडू निघायच्या क्षणी नजर बचावाच्या रांगेवर आडवी फिरवा: कोण आधी सुटलं?

हे सगळं तीन-चार सेकंदांत. म्हणून उलटं पळणं अंगात भिनावं लागतं, विचार करून ते होत नाही. कोरड्या वाळूत उलटं पळायचा सराव करा. नंतर गवतावर पाय आपसूक हलके पडतात.

किती वेळ धरून ठेवू द्यायचं, हा या खेळातला कायमचा तंटा. पुस्तक म्हणतं, लगेच सोडा. मैदानावर मात्र ‘लगेच’ दोन प्रकारचं असतं. बचाव करणाऱ्याने समोरून कडक धडक देऊन चेंडूवाल्याला मागे पाडलं, तर त्या मेहनतीला एखादा क्षण जास्त. चेंडूवाला स्वतःच गुडघ्यावर बसला, तर हात लागला की सोड. ऑस्ट्रेलियातले पंच यासाठी ‘डॉमिनंट’ आणि ‘सरेंडर’ असे शब्द ओरडत, म्हणजे खेळाडूला कळतं की आपल्याला किती मोकळीक आहे. मला ही वाटणी न्याय्य वाटते. फक्त दोन्ही संघांना सारखी लावा.

मोजणी

टॅकल मोठ्याने मोजा. पाचवा झाला की एक हात वर, पाचही बोटं पसरून. समोरच्या संघाने खेळायच्या हेतूने चेंडूला हात लावला तर मोजणी नव्याने. चेंडू नुसता अंगावर आपटला तर जुनीच. समोरच्यांनी नॉक-ऑन केलेला (हातून पुढे सांडलेला) चेंडू उचलून पळणाऱ्यांचा पहिला टॅकल शून्य धरायचा की नाही, ते तुमच्या स्पर्धेच्या नियमांत बघा. मोजणी चुकलीच, तर टच जजकडे बघा. त्यालाही मोजायला सांगितलं होतंत ना?

पुढे पडला की पुढे दिसला?

नॉक-ऑन म्हणजे हाताने किंवा दंडाने चेंडू समोरच्यांच्या टोकाकडे जाणं. छाती, गुडघा, डोकं यांवरून गेला तर नाही. आणि हातातून उडालेला चेंडू जमिनीला, खांबाला किंवा प्रतिस्पर्ध्याला लागायच्या आत त्याच खेळाडूने परत झेलला तर खेळ चालू. इथे उतावळी शिट्टी फार वाजते. प्रेक्षक ‘ऊऽऽ’ करतात आणि आपलं बोट आपोआप वर जातं.

पासचं आणखी अवघड. पळणाऱ्या माणसाने मागे टाकलेला चेंडू जमिनीच्या हिशोबाने पुढे जाऊ शकतो. कदंब बस चालू असताना खिडकीतून मागच्या दिशेने चिंचोका टाकून बघा. रस्त्यावर तो बसच्याच दिशेने पुढे जाऊन पडतो. म्हणून कायदा सांगतो की पासची दिशा टाकणाऱ्याच्या हिशोबाने ठरवा, जमिनीच्या नव्हे. हात कुठे वळले ते बघा. मैदानावर आखलेल्या रेषा इथे फसवतात, आणि मोबाइलवर खेळ परत बघणारे मित्र त्याहून जास्त.

फुटबॉलवाल्यांना एक सूचना: इथला ऑफसाइड आपला नव्हे. शेवटून दुसरा बचावपटू शोधत बसू नका. आपल्या चेंडूवाल्याच्या किंवा लाथ मारणाऱ्या साथीदाराच्या पुढे असाल तर ऑफसाइड, आणि लाथ मारलेला चेंडू झेलायला थांबलेल्या माणसाच्या दहा मीटरच्या आत तुम्ही फिरकायचं नाही.

पुस्तकात एक, मैदानावर दुसरं

स्क्रम घ्या. सहा-सहा जण एकमेकांत घुसतात, मधल्या बोगद्यात चेंडू टाकायचा. पुस्तकाप्रमाणे सरळ टाकायचा. मोठ्या सामन्यांत हाफबॅक तो आपल्याच मागच्या रांगेच्या पायांशी टाकतो आणि कोणी काही म्हणत नाही. कलम जिवंत आहे, अंमल नाही. मग आपण काय करायचं? मी उघडउघड वाकडा टाकला तर बोलतो, पण त्यावर पेनल्टी देत बसत नाही. स्क्रममध्ये मान दबत नाही ना, कोणी खाली कोसळत नाही ना, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघतो. लीगमध्ये स्क्रम हा खेळ पुन्हा सुरू करायचा मार्ग आहे. त्याच्यासाठी कोणाचा कणा पणाला लावायचा नाही.

दहा मीटर आणि प्ले-द-बॉल यांचं याच्या उलट. तिथे पहिल्या दहा मिनिटांत कडक राहा. सुरुवातीला सोडून दिलेला अर्धा मीटर शेवटी तीन मीटर होतो.

अंदाज असा ठेवा: या चुकीने कोणाचं काही बिघडलं का? मार्कर थोडा वाकडा उभा आहे, पण खेळ विरुद्ध बाजूला गेला, तर ‘सरळ उभा राहा रे’ पुरे. तोच मार्कर डमी हाफच्या वाटेत आला, तर पेनल्टी. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाच फायदा होत असेल तर शिट्टी थांबवा. पण लीगमधला हा थांबा छोटा, युनियनसारखा लांबत नाही.

टीव्ही बघून शिकणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या लीग स्पर्धेत, २०२० पासून प्ले-द-बॉलच्या किरकोळ चुकांना शिट्टी न वाजवता मोजणी पुन्हा शून्यावर नेतात, कॅप्टनला निर्णयाला आव्हान देता येतं, आणि २०२१ पासून चाळीस मीटरच्या बाहेरून मारलेल्या ड्रॉप गोलला दोन गुण मिळतात. हे त्या स्पर्धेचे नियम. इंग्लंडच्या सुपर लीगची पद्धत आणखी थोडी निराळी. तुमची स्पर्धा कोणत्या नियमांवर चाललीय ते आधी लेखी घ्या, नाहीतर अर्धे खेळाडू एक खेळ खेळतात आणि उरलेले दुसरा.

हात कुठे लागला

डोकं आणि मान, यांत तडजोड नाही. कबड्डीची पोरं घोटा, मांडी, कंबर धरतात, त्यांची काळजी कमी. फुटबॉलमधून आलेली घाबरून हात वर फिरवतात. माझा क्रम असा: डोक्याला लागलं का? थेट लागलं की खांद्यावरून घसरून? जोर किती? चेंडूवाला त्याच क्षणी घसरून खाली आला होता का? नुसतं निष्काळजी असेल तर पेनल्टी; जोर असेल तर दोन्ही हातांची दहा बोटं वर, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. सेव्हन्समध्ये ही शिक्षा दोन मिनिटांची असते, त्यामुळे तिकडून आलेले खेळाडू हबकतात. मुद्दाम किंवा बेदरकार असेल तर सामन्यातून बाहेर. हात न उघडता खांद्याने दिलेली धडकही चालत नाही. कबड्डीतल्यांची सवय वेगळीच: साखळी करून धरायचं आणि एकाने चेंडू खेचायचा. एकाला एक असताना चेंडू हिसकावता येतो. दोघं-तिघं धरून असताना नाही, चेंडूवाला ट्राय टेकवायच्या बेतात असेल तेवढं सोडून. म्हणून धरणारे हात किती ते आधी मोजा, मग चेंडूकडे बघा.

ट्राय, आणि माझी चूक

चेंडू हातात असेल तर तो गोल लाइनवर किंवा पलीकडे जमिनीला टेकवायचा. आधीच जमिनीवर असेल तर हाताने किंवा दंडाने खाली दाबायचा, किंवा कमरेपासून मानेपर्यंतच्या भागाने त्यावर पडायचं. बघायला आडवं झोपायची वेळ आली तरी झोपा.

जुलैत फोंड्याकडच्या एका मैदानावर, तांबड्या चिखलात, एका मुलाला रेषेच्या दोन हात आधी पाडलं. चेंडूचा हात टेकला. तो पोटावर घसरत आत गेला आणि चेंडू टेकवला. मी ‘दुसरी हालचाल’ म्हणून पेनल्टी दिली. चुकलो. टॅकल पूर्ण झाल्यावर हात लांबवून चेंडू पुढे नेणं ही दुसरी हालचाल. धावण्याच्या वेगानेच अंग आत गेलं, तर तो ट्राय. मी त्याच्या पायांच्या बाजूला होतो. मला हात टेकलेला दिसला, पुढचा हात लांबला की नाही ते दिसलंच नाही, आणि न दिसलेलं मी मनाने भरून काढलं. आता रेषेजवळ खेळ आला की मी दहावर थांबत नाही, सरळ गोल लाइनवर जातो. कायदाही तेच सांगतो: दहा मीटर मागे जागाच नसेल तर बचावाची रांग गोल लाइनवर, आणि पंचही तिथेच. पावसात घसरण लांबते, हे धरूनच चाला.

पेनल्टी ट्राय क्वचित येतो. बचावाने गैर खेळ केला नसता तर ट्राय झालाच असता, असं तुमचं मत हवं. ‘बहुधा झाला असता’ पुरत नाही. दिलात तर तो खांबांच्या मधोमध.

सुरुवात कुठून

तेरा-तेरा जमवत बसू नका. आम्ही नऊ-नऊ खेळवतो, मैदान लहान. पहिले दोन आठवडे शिट्टीच नको. फक्त आवाज आणि उलटं पळणं. तिसऱ्या आठवड्यात एका मित्राला काठावरून मोबाइलवर तुमचं चित्रण करायला सांगा. चेंडूचं नको, तुमचं. दर टॅकलला तुम्ही कितव्या मीटरवर थांबलात ते घरी मोजा. माझं पहिल्यांदा साडेसात निघालं.

मुलींनी मागे राहायचं कारण नाही. बेलिंडा शार्प २०१९ मध्ये एनआरएलचा सामना सांभाळणारी पहिली महिला पंच झाली. २०२२ मध्ये केसी बॅजरने पुरुषांच्या विश्वचषकात शिट्टी वाजवली. आमच्याकडे सध्या टच जज म्हणून जी मुलगी येते ती मोजणीत माझ्यापेक्षा पक्की आहे. पुढच्या वेळी मी झेंडा घेणार आहे, ती शिट्टी.

आणि किनाऱ्यावर खेळवणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा. ओली, घट्ट वाळू दोन-अडीच तास मिळते, त्यात रेषा आखायला अर्धा तास जातो.